सील न तोडलेला डबा

आमच्या वृद्धाश्रमात सतरा ठिकाणी हाताला लावायच्या जेलचे सतरा डबे आहेत. ते मी लावले. भिंतीला भोकं पाडायला माणूस आला होता, पण कुठे आणि किती उंचीवर हे पेन्सिलीने खुणा करून मीच दाखवलं. प्रत्येक डब्याखाली एक पाटी, तीही माझ्याच अक्षरात: 'हात धुण्यात वेळ घालवू नका. दोनदा दाबा, चोळा, पुढे चला.' शिंतोड्यांनी खराब होऊ नये म्हणून पाट्या लॅमिनेट करून घेतल्या होत्या. आता त्या पाट्या आठवल्या की माझे कान गरम होतात.

मी ब्रोन्या. सव्वीस वर्षं इथे सफाई बघते, त्यातली शेवटची बारा मुख्य म्हणून. तोंडाने फटकळ आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून ऐकायची तसदी नको. खालचं स्वयंपाकघर माझी थोरली बहीण लुत्सिना बघते. चोपन्न म्हातारी माणसं तिच्या हातचं जेवतात. आणि सात वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही.

म्हणजे काम अडत नाही. मी म्हणते, "किचनला सांगा, वरच्या मजल्यावर सूप गार पोचलंय." ती म्हणते, "सफाईला सांगा, माझ्या दारात ओली फरशी ठेवून जाऊ नका, कोणीतरी कंबर मोडून घेईल." दोघी एकाच व्हरांड्यात, मध्ये एखादी नर्स. ती बिचारी मान इकडून तिकडे फिरवत राहते. नव्याने आलेल्या एकीला तर महिनाभर वाटत होतं की आमची नावंच ती आहेत.

कारण एकदाच सांगते. आई गेली तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी ग्दान्स्कला होते. बर्फात बस अडकली. मी चर्चमध्ये पोचले तर शवपेटीचं झाकण लागलेलं, स्क्रू पिळून झालेले. लुत्सिना म्हणाली, पाद्री थांबायला तयार नव्हते. वीस मिनिटांचा प्रश्न होता. आईचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. तिथे सगळ्यांदेखत मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, ती उलट जे बोलली तेही नाही. त्या दिवसापासून ती किचन आणि मी सफाई.

जेल आलं कोरोनाच्या वर्षी. त्या वर्षी त्याने काम केलं, हे खरंच आहे. म्हणून माझा विश्वास बसला. तसा आमच्या लोकांचा स्पिरिटवर मुळातच विश्वास. आम्ही चेरी स्पिरिटात मुरवतो, सर्दी झाली की छातीला चोळतो, थंडीत गुडघ्याला चोळतो, कापलं तर वर ओततो, आणि उरलेलं पाहुण्यांना देतो. अशा मुलखात स्पिरिटाने अमुक एक जंतू मरत नाही असं म्हणायची कोणाची टाप आहे? मी साबणाची मागणी निम्म्यावर आणली. बेसिनपाशी कोणी उभंच राहत नव्हतं, तर साबण मागवून करायचं काय?

फक्त किचनने डबा लावायला नकार दिला. "किचनला साबण पुरतो," असा निरोप आला. मला वाटलं, माझ्यावरचा राग डब्यावर काढतेय. मी थेट आमच्या डायरेक्टरांकडे, पावलिचेकसाहेबांकडे गेले आणि डबा लावून घेतला. तोही तिच्या कामाच्या ओट्यासमोर, सारखा डोळ्यांत भरेल असा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला घरी जाताना फार मजा वाटली.

आता गेल्या डिसेंबरचं. नाताळच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी आमच्याकडे सगळ्यांचा मिळून ओपवातेकचा सोहळा असतो. ओपवातेक म्हणजे कागदासारखी पातळ, पांढरी पापडी. ती प्रत्येकाच्या हातात असते. समोरच्याच्या पापडीचा तुकडा आपण तोडायचा, आपल्या पापडीचा त्याने तोडायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि तिथेच खायचा. मग पुढचा माणूस. मनात कोणाबद्दल अढी असेल तर ती आधी सोडायची आणि मग तोडायचं, अशी रीत. हॉलमध्ये साठ माणसं साठ माणसांच्या पापड्या तोडत फिरतात. लुत्सिना सात वर्षांत त्या सोहळ्याला वर आलेली नाही. किचनमधल्या हाताखालच्या तिघींनाही पाठवत नाही. कार्प मासा तळायचा आहे, असं कारण सांगते.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी मला पोटाने गाठलं. मी घरी एकटी असते. दुपारपासून ओकाऱ्या सुरू झाल्या आणि मग वरून खालून सगळंच. न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडले होते. नळ हातभर अंतरावर होता, पण उठून पाणी घ्यायची ताकद नव्हती. मनात आलं, इथे मेले तर सोमवारी कामावर का आली नाही म्हणून कोणीतरी चौकशी करेल, तोवर नाही. रविवारी संध्याकाळी थांबलं. सोमवारी सकाळी मी कामावर.

नियम आहे: शेवटच्या ओकारीनंतर पुरे दोन दिवस घरी बसायचं. मला माहीत नव्हता असं नाही, दर हिवाळ्यात मीच तो बाकीच्यांना वाचून दाखवते. पण नाताळ तोंडावर आलेला, हाताखालच्या दोघी आधीच रजेवर. आणि मला बरं वाटत होतं. मी कोणाला बोलले नाही. जेल मात्र नेहमीपेक्षा जास्त लावलं. मंगळवारी वरच्या मजल्यावर, जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्या अकरा जणांना पापडी द्यायला मीच गेले. दरवर्षी मीच जाते, मला ते काम आवडतं. प्रत्येक पलंगाआधी दोनदा दाबलं, चोळलं, पुढे चालले. बावीस वेळा. संध्याकाळी हातांना इतका स्पिरिटचा वास येत होता की बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली.

बुधवारी संध्याकाळी पहिला माणूस ओकला. गुरुवारी दुपारपर्यंत एकोणतीस. त्यात चार नर्स. मी वर्णन करत बसत नाही. इतकंच सांगते की चादरी संपल्या, मग टेबलक्लॉथ वापरले, मग तेही संपले. मेलान्याबाई चौऱ्याण्णव वर्षांच्या, वजन एखाद्या शाळकरी मुलीएवढं. त्यांना गुरुवारी हॉस्पिटलात सलाइनवर ठेवलं. अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी नंतर दोनदा दाबलं, चोळलं.

शुक्रवारी सानेपिदची, म्हणजे सरकारी आरोग्य तपासणीची बाई आली. वयाने चाळिशीची, कमी बोलणारी. किचनच्या फ्रिजमध्ये प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी तीन दिवस ठेवायची असते, त्या वाट्या तिने ताब्यात घेतल्या. मग म्हणाली, "सगळीकडे क्लोरीनचं पाणी करून पुसा. आणि हात साबणाने धुवायचे, जेलवर विसंबायचं नाही." जाताजाता व्हरांड्यातल्या माझ्या पाटीपाशी थांबली. दोनदा वाचली.

"हे कोणी लिहिलंय?"

"जुनं आहे," मी म्हटलं.

पावलिचेकसाहेबांना वाट्यांचा निकाल येईपर्यंत धीर कुठला. एकोणतीस कुटुंबांचे फोन येत होते, त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी कार्प माशावर बोट ठेवलं आणि माशावरून किचनवर. किचनमधल्या चौघी ठणठणीत होत्या, तर म्हणाले, चौघी ठणठणीत कशा? त्यांना काय माहीत होतं म्हणून त्यांनी खाल्लं नाही? मग ते खाली गेले आणि ओट्यासमोरचा तो डबा दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. झाकण उघडून बघतात तर आतल्या पिशवीचं सील तसंच. तीन वर्षांत तोडलेलंच नाही.

"अख्ख्या इमारतीत एक खातं नियम पाळत नव्हतं," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि तेच खातं अन्न शिजवतं." सोमवारी तपासणीची बाई पुन्हा येणार होती. तिच्यासमोरच लुत्सिनाला कामावरून काढायचा कागद द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ह्या वयात, विषबाधेचा ठपका घेऊन, आमच्याएवढ्या गावात तिला भांडी घासायलाही कोणी ठेवलं नसतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. वीस मिनिटं थांबली नाहीस ना, आता घे, असं वाटलं.

शनिवारी मी वरचा मजला क्लोरीनने पुसत होते. खिडकीपाशी वालेरियनकाकांचा पलंग. एक्केचाळीस वर्षं गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं. पाय गेले, डोकं शाबूत. गुरुवारी तेही आडवे झाले होते, आता उशांना टेकून बसले होते, चेहरा मेणासारखा.

"ब्रोन्याबाई, ती दाराजवळची जेलची पिशवी काढून आणा बघू. आणि माझं भिंग."

मी आणून दिली.

"वाचा."

"नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव टक्के जंतू नष्ट," मी वाचलं.

"ते तोंडदेखलं झालं. मागे वाचा. अगदी खाली, जिथे मुंगीने लिहिलंय तिथे."

भिंगाखाली धरलं. 'आवरण असलेल्या विषाणूंवर परिणामकारक.'

"मग? विषाणूंवर म्हटलंय की," मी म्हटलं.

"आवरण असलेल्या. तळणाच्या कढईचा तेलकटपणा स्पिरिटने निघतो की नाही?"

"निघतो."

"फ्लू, कोरोना, ह्यांच्या अंगावर चरबीचं पांघरूण असतं. स्पिरिट ते विरघळवतं, आतला उघडा पडतो, खेळ खलास. हा जो आपल्याकडे पाहुणा आलाय, ह्याला पांघरूणच नाही. अक्रोडासारखं नुसतं टणक कवच. स्पिरिट विरघळवणार काय, कपाळ?"

"म्हणजे एकसुद्धा मरत नाही?"

"मरतात थोडे. हात जास्त वेळ ओले ठेवले तर आणखी थोडे. आम्ल घातलेली खास जेलं मिळतात, ती ह्याच्यावरही चालतात. पण मग मागे तसं लिहिलेलं असतं, आणि हात मिनिटभर ओलेच्या ओले ठेवावे लागतात. हे ते नव्हे. हे वीस सेकंदांत वाळतं आणि तुम्ही पुढे चालायला मोकळ्या. ह्या पठ्ठ्याचे वीसेक कण पोटात गेले तरी माणूस आडवा. तुमच्या बोटावर असतील लाखांनी. त्यातले निम्मे मारून काय उपयोग?"

"आणि साबणाने मरतो?"

"साबणानेही मरत नाही. साबण त्याची पकड सोडवतो आणि पाणी त्याला गटारात घेऊन जातं. मेला काय आणि गेला काय, आपल्याला सारखंच." ते जरा दमले. "एक्केचाळीस वर्षं सांगत आलो, बाटलीची मागची बाजू वाचा. लोकांना झाकण उघडायची घाई."

मी फडका पिळत होते. एव्हाना मला कळायला लागलं होतं, पण कळू नये असं वाटत होतं.

"मला एक सांगा," काका म्हणाले. "आम्हा वरच्या अकरा जणांना कार्प मिळाला का?"

"काटा अडकेल म्हणून तुम्हाला देत नाहीत. तुम्हाला रव्याची खीर होती. इथल्याच शेगडीवर नर्सने केलेली."

"म्हणजे खालच्या किचनचं आम्ही त्या दिवशी काहीच खाल्लं नाही. तरी अकरातले आठ आडवे. न झालेले तीन कोण?"

"यादविगाबाई, त्या नळीने जेवतात. एडमुंडकाका, ते झोपले होते. आणि कोपऱ्यातल्या त्या, ज्यांनी..." मी थांबले.

"ज्यांनी काय?"

"ज्यांनी पापडी नको म्हणून तोंड फिरवलं."

"तिघांनी पापडी खाल्ली नाही," काका म्हणाले. "वर पापडी कोण घेऊन आलं होतं?"

"मी."

त्यांनी भिंग पुसलं, केसमध्ये ठेवलं, केस बंद केली. "मग पुढचं मी विचारत नाही," ते म्हणाले. "मी नुसता औषधवाला होतो."

रविवारभर मी स्वतःशी भांडले. मी आजारी होते हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. वालेरियनकाका बोलणार नव्हते. तपासणीच्या बाईला वाटीत काही सापडलं नाही तरी साहेबांचा कागद तयारच होता, आणि त्या कागदाला कारण म्हणून सील न तोडलेला डबा पुरेसा होता. मला काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं होतं, बस. सात वर्षं गप्प बसायचा सराव होताच.

दुपारी क्लोरीन संपलं म्हणून मी खाली किचनमध्ये गेले. लुत्सिना एकटीच होती. मोठी पातेली उकळत ठेवलेली, सगळे चमचे, डाव, झारे त्यांत बुडवलेले. ती सिंकपाशी हात धूत होती. मी दारात आहे हे तिला कळलं होतं, पण तिने वळून पाहिलं नाही. साबण लावला, तळवे, मग उलटे हात, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक अंगठा मुठीत धरून फिरवला, मग नखं तळव्यावर घासली. आई आम्हाला जेवायला बसायच्या आधी करायला लावायची ते सगळं, त्याच क्रमाने. लुत्सिनाचे हात लाल झाले होते, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, एका चिरेतून रक्त येत होतं. सात वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, पण हातांकडेही बघितलं नव्हतं.

"सफाईला काय हवंय?" ती नळाला म्हणाली.

"क्लोरीन."

"खालच्या कपाटात."

मी घेतलं. समोर भिंतीवर तो डबा, खाली माझी पाटी. मला माझ्या अक्षराचीच लाज वाटली. वर जाताना जिन्यात मी बसले आणि रडले. रडणं माझ्या स्वभावात नाही. नर्सने विचारलं तर म्हटलं, क्लोरीन झोंबलं.

सोमवारी दहा वाजता साहेबांच्या खोलीत तपासणीची बाई होती, साहेब होते आणि लुत्सिना उभी होती. ती ॲप्रन काढून आली होती, चर्चला घालते तो ब्लाउज घातला होता. टेबलावर किचनमधला डबा भिंतीवरून काढून ठेवलेला, पुरावा म्हणून. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी दार ढकलून आत गेले.

साहेब बोलत होते, "...हे सील बघा. तीन वर्षांत एकदाही..."

"ते सील तोडलं नाही म्हणूनच त्या चौघी वाचल्या," मी म्हटलं. "त्यांनी साबणाने हात धुतले. बाकी सगळ्या इमारतीला साबण सोडायला मी लावलं. आणि हे पोटाचं दुखणं मी आणलं."

"ब्रोन्याबाई, आत्ता मध्ये नको," साहेब म्हणाले.

"आत्ताच. गेल्याच्या गेल्या शनिवारी मला ओकाऱ्या झाल्या. रविवारी थांबल्या. सोमवारी मी कामावर आले, दोन दिवस थांबले नाही. मंगळवारी पापडी वाटली. वर ज्यांनी माझ्या हातची खाल्ली ते आठही पडले, ज्यांनी नाही खाल्ली ते तिघे धडधाकट आहेत. त्या अकरा जणांनी कार्पचा वाससुद्धा घेतलेला नाही. खाली हॉलमध्ये तर मी पन्नास पापड्या तोडल्या. लिहून घ्या."

तपासणीची बाई लिहीत होती. वर न बघता म्हणाली, "हात कशाने साफ केले होते?"

"जेलने. बावीस वेळा."

"पाटी तुम्हीच लिहिलेली?"

"मीच. शुक्रवारी मी तुम्हाला सरळ उत्तर दिलं नाही."

"मला अक्षर कळलं होतं," ती म्हणाली. "हजेरीचा तक्ता त्याच अक्षरात आहे." मग साहेबांकडे वळली. "वाट्यांत काही निघालेलं नाही. तो कागद आत ठेवा. आणि हा डबा चुकूनही पुरावा म्हणून कोणाला दाखवू नका, तुमचंच हसं होईल."

साहेबांनी कागद खणात सरकवला. त्यांचा चेहरा पडला होता, आता ते माझ्यावर ओरडणार हे मला दिसत होतं, आणि माझी हरकत नव्हती. पण त्यांच्या आधी लुत्सिना माझ्याकडे वळली. मी वाट बघत होते की आता माझी खरडपट्टी निघणार. चर्चमध्ये मी तिची काढली होती, आता तिची पाळी.

"ब्रोन्या," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा. "त्या शनिवारी तुला पाणी कोणी दिलं?"

मी टेबलावरचा डबा उगाच सरळ करून ठेवला.

"कोणीच नाही ना," ती म्हणाली, आणि साहेबांना न विचारता खोलीतून निघून गेली.

माझं मुख्यपद गेलं. लेखी ताकीद मिळाली आणि नव्या वर्षापर्यंत घरी बसायचा हुकूम. योग्यच होतं, मी साहेबांच्या जागी असते तर ह्याहून वाईट केलं असतं. जाण्याआधी मी सतरा पाट्या स्वतः उतरवल्या. लॅमिनेशन चिवट असतं, फाटत नाही, कात्रीने कापाव्या लागल्या.

बुधवारी नाताळची पूर्वसंध्या. सकाळी हॉस्पिटलात फोन केला. मेलान्याबाईंचं सलाइन काढलं होतं, त्यांनी पाव मागितला आणि पाव शिळा आहे म्हणून तक्रारही केली होती. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. मग बीटाचं सूप केलं. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, एक माझी आणि एक, सगळेच मांडतात तशी, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. माझ्याकडची ती ताटली दरवर्षी कोरडीच परत कपाटात जाते.

चारच्या सुमाराला बाहेर अंधारलं आणि दारावर थाप पडली. लुत्सिना. हातात पातेलं, पातेल्यावर फडकं, फडक्यावर पाकिटात ओपवातेक.

"आत येऊ नको," मी म्हटलं. "बरं वाटत असलं तरी दोन आठवडे माझ्यातून तो विषाणू बाहेर पडू शकतो. तपासणीच्या बाईने सांगितलंय."

"मलाही सांगितलंय. सरक."

कोट काढला आणि थेट सिंकपाशी गेली. "साबण कुठाय? हा काय, एवढासा? लाज वाटू दे." तिने हात धुतले. मग बाजूला सरकून मला जागा केली. "आता तू."

मी धुतले. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"अंगठे राहिले."

मी अंगठे धुतले.

"नखं."

नखं घासली. आईसारखीच उभी होती, कंबरेवर हात ठेवून.

टेबलापाशी तिने पाकीट फोडलं. मी हात मागे घेतले. "तुझ्या पापडीला मी बोट लावणार नाही, लुत्सिना. साबण लावूनसुद्धा नाही. एकोणतीस जण पुरे झाले."

"लावू नको." तिने स्वतःच दोन तुकडे तोडले. एक आपल्या तोंडात टाकला. दुसरा माझ्या ओठांपाशी धरला. रीत अशी नाही. रीत अशी की एकीने दुसरीचा तोडायचा. मी तोंड उघडलं आणि तिने तो जिभेवर ठेवला, वरच्या मजल्यावर मी ठेवते तसा. तो टाळूला चिकटला.

"पाद्र्याची बाही धरून त्याला थांबवायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मला सुचलं नाही."

"बर्फ पडत होता," मी म्हटलं. "बस तशीही कधी आली असती कोण जाणे." मग मी विचारलं. सात वर्षांत मी ते तिला विचारलंच नव्हतं, नुसती भांडले होते. "आई कशी दिसत होती?"

लुत्सिनाने आपल्या चिरा पडलेल्या हातांकडे पाहिलं.

"छान. झोपल्यासारखी. मीच तयार केलं तिला. हात साबणाने धुतले, कितीतरी वेळ. आदल्या दिवशी तिने बीट किसले होते. नखांतला रंग काही निघाला नाही, तसाच राहू दिला."

मग तिने सूप गरम करायला ठेवलं आणि मी दुसऱ्या ताटलीपाशी चमचा मांडला.